आरोग्य आकडेवारीच्या टेबलावर नवीन रुजू झालात? या चुका टाळा

शिवाजी विद्यापीठातून सांख्यिकी घेऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींना प्रतिगमन, गृहीतक चाचणी, नमुना निवड सगळं येतं. मग सरकारी आरोग्य आकडेवारीचं टेबल मिळतं आणि पहिल्याच आठवड्यात साहेब सांगतात, "गर्भवती नोंदणी, तालुकानिहाय, टक्केवारीत. दुपारच्या व्हीसीआधी (व्हिडिओ कॉन्फरन्सआधी) पाहिजे." त्याला लागतो फक्त भागाकार, आणि बहुतेक घोटाळे त्या भागाकारातच होतात. अंश कुठल्या नोंदवहीतून आला आणि छेद कुठल्या कागदावरून, हे कुणी विचारलेलं नसतं.

११२ टक्के लसीकरण

हे एकदा तरी तुमच्यासमोर येणारच. एखाद्या शहराचं बीसीजी (जन्मताच द्यायची क्षयरोगाची लस) ११२ टक्के, शेजारच्या तालुक्याचं ७१. नवीन माणूस दोनपैकी एक करतो: ११२ चे गपचूप १०० करतो, किंवा ७१ वाल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना खुलासा मागणारं पत्र तयार करतो. दोन्ही करू नका. आधी छेद बघा.

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला. मधल्या सगळ्या वर्षांसाठी आपण अंदाजावर चालतो. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाचं २०११ ते २०३६ चं प्रक्षेपण राज्यासाठी आहे. ते तालुक्यांत वाटताना कुणीतरी २०११ चंच प्रमाण लावलेलं असतं. म्हणजे कागल आणि हातकणंगल्यात कारखानदारी वाढली, आजरा-चंदगडचे तरुण मुंबई-पुण्याला गेले, तरी छेदाला त्याचा पत्ता नाही. त्यातच आशाताईंच्या घरोघरी सर्वेक्षणातली लोकसंख्या वेगळी येते. एकाच कार्यालयात तीन छेद फिरत असतात. कुठलाही वापरा, पण मालिका सुरू असताना मध्येच बदलू नका आणि तक्त्याखाली त्याचं नाव लिहा. तळटीप नसलेली टक्केवारी मी तरी वाचत नाही.

आता अंश. बीसीजी आणि पोलिओचा शून्य डोस बाळ जन्मतं तिथंच देतात, म्हणजे ते डोस रुग्णालयाच्या नावावर जातात. शाहूवाडी किंवा गगनबावड्याची बाई सीपीआरला (कोल्हापूर शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात) किंवा शहरातल्या खाजगी दवाखान्यात बाळंत झाली की डोस शहराच्या खात्यात आणि अपेक्षित बाळ गावाच्या खात्यात. शहराचं ११२ आणि तालुक्याचं ७१ बऱ्याचदा एवढ्यावरच जुळतं. म्हणून तालुका पातळीवर बीसीजीपासून गोवर-रुबेलापर्यंतची गळती, म्हणजे आधीची लस घेऊन पुढची न घेतलेल्या बाळांचं प्रमाण, काढण्यात फारसा अर्थ नाही. पेंटाव्हॅलंटचा (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा) पहिला आणि तिसरा डोस बहुधा एकाच ठिकाणी होतो, गळती तिथं बघा.

त्यात आपली पद्धत: पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तिसऱ्या महिन्यात नोंद झालेली बाई सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. तिचा आरसीएच क्रमांक (माता-बाल आरोग्य पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक) सोबत गेला तर ठीक. नाही गेला तर माहेरच्या उपकेंद्रात नवीन नोंद पडते. मग एका गावात नोंदणी झाली पण प्रसूती दिसत नाही, दुसऱ्या गावात प्रसूती आहे पण पहिल्या तिमाहीतली नोंदणी नाही. दोन्ही आरोग्य सेविकांनी काम चोख केलेलं असतं, तरी आढावा बैठकीत दोघींनाही उभं केलं जातं. असं दिसलं की दोन्ही गावांच्या याद्या शेजारी ठेवून क्रमांक जुळवा.

तिसरी गोष्ट ऊसतोडीची. हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून टोळ्या येतात, कारखान्याच्या आणि गावाच्या कडेला खोप्या पडतात. त्या मुलांना डोस इथं मिळतात, पण इथल्या छेदात ती नाहीत. शिरोळ, कागल, करवीरच्या हिवाळ्यातल्या महिन्यांत आकडा फुगला तर आधी हा प्रश्न विचारा. सेविका बऱ्याचदा या मुलांची वेगळी यादी ठेवतात. मागितली की मिळते.

इचलकरंजी २०२२ मध्ये महानगरपालिका झाली, हेही ध्यानात असू द्या. हातकणंगले तालुक्याची मालिका त्या वर्षाच्या अलीकडे-पलीकडे नेताना शहर आत धरलंय की बाहेर, ते दोन्ही टोकांना सारखं हवं.

घडलं कुठं, राहतात कुठं

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे घटना घडते तिथं नोंद होते. सीपीआरला चंदगडचे, सिंधुदुर्गातले, निपाणी-चिकोडीकडचे रुग्ण येतात. त्यातले काही तिथंच दगावतात. ते सगळे मृत्यू शहराच्या लोकसंख्येने भागले की कोल्हापूर शहर राहायला धोक्याचं ठिकाण आहे असं सिद्ध होतं! जन्माच्या अहवालाच्या सांख्यिकी भागात आईचं राहण्याचं ठिकाण असतं, मृत्यूच्या अहवालात मृताचं. तो रकाना वापरून पुन्हा वाटणी करा. रकाना मिळाला नाही तर दर काढू नका, नुसती संख्या द्या.

निरंक आणि रिकामा

निरंक म्हणजे बघितलं, मोजलं, काही सापडलं नाही. रिकामा रकाना म्हणजे काय झालं ते माहीत नाही. एक्सेलमध्ये बेरीज करताना दोन्ही सारखेच वागतात, धोका तिथं आहे. सरासरीत मात्र रिकामा रकाना गळून जातो आणि शून्य मोजलं जातं. त्यामुळे बेरीज जुळते, सरासरी जुळत नाही, आणि नवीन माणूस दुपारभर सूत्रात चूक शोधत बसतो.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापुराचे आठवडे आठवा. शिरोली पुलाजवळ महामार्ग बंद, शिरोळ तालुक्यातली गावं पाण्यात, माणसं निवारा केंद्रांत. अशा आठवड्यात साथरोगाचा आलेख खाली आला तर तो रोग कमी झाल्याचा पुरावा नव्हे. अहवाल पाठवणारी केंद्रं किती होती, ते आधी बघा. नेहमीच्या चाळीसपैकी पंचवीस केंद्रांनी कळवलं असेल तर आलेखाखाली तसं लिहा, किंवा दोन्ही आठवड्यांत कळवणाऱ्या केंद्रांपुरतीच तुलना करा. पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिस आणि डेंग्यूचे रुग्ण येऊ लागतात आणि बंद पडलेली केंद्रंही त्याच सुमारास कळवू लागतात. चढ दोन्हींमुळे दिसतो. त्यातला रोगाचा किती आणि कळवण्याचा किती, हे वेगळं करणं हेच तुमचं काम आहे.

डेंग्यूवरून आठवलं. साथरोग सर्वेक्षणाच्या एस, पी आणि एल या तीन अहवाल-नमुन्यांतल्या (फॉर्ममधल्या) आकड्यांची बेरीज करू नका. एस मध्ये सेविकेने नोंदवलेला ताप, पी मध्ये डॉक्टरांचं संशयित निदान, एल मध्ये प्रयोगशाळेचा निकाल असतो. एकच माणूस तिन्हीकडे असू शकतो. खाजगी दवाखान्यातलं रॅपिड कार्ड पॉझिटिव्ह आलं म्हणून तो निश्चित रुग्ण धरायचा नाही, एलायझा चाचणी लागते. वर्तमानपत्रातला आकडा आणि तुमचा आकडा वेगळा का, याचं उत्तर बहुतेक वेळा इथं सापडतं.

गगनबावड्याचा मातामृत्यू दर

या चुकीने सगळ्यात जास्त डोकेदुखी होते. गगनबावडा तालुक्याची लोकसंख्या २०११ मध्ये छत्तीस हजारांच्या आसपास होती. वर्षाला पाचशे जन्म धरू. त्यात एक माता दगावली तर दर येतो लाख जन्मांमागे २००. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० मध्ये महाराष्ट्राचा दर ३३ होता. झाली बातमी: राज्याच्या सहापट! पुढच्या वर्षी एकही मृत्यू नाही, दर शून्य, लगेच अभिनंदनाचा ठराव. एका मृत्यूवर काढलेल्या त्या २०० ची ९५ टक्के विश्वास मर्यादा सुमारे ५ पासून १,१०० पर्यंत जाते. एवढ्या रुंद पट्ट्यातून कुणाला काय कळणार?

तालुक्याला मातामृत्यू दर काढूच नका. मृत्यूंची संख्या द्या, प्रत्येक मृत्यूचं अन्वेषण झालं की नाही ते द्या. दर लागलाच तर जिल्ह्याचा, तीन वर्षं एकत्र करून.

जन्माच्या वेळच्या लिंग गुणोत्तराचंही तेच. नैसर्गिक प्रमाण हजार मुलग्यांमागे ९५० च्या आसपास मुली असं धरतात. पाचशे जन्मांच्या तालुक्यात काहीही गैर घडलेलं नसताना नुसत्या योगायोगाने हा आकडा ८०० पासून ११३० पर्यंत कुठेही येऊ शकतो. एका वर्षाच्या ८२० वरून सोनोग्राफी केंद्रांवर संशय घ्यायचा आणि पुढच्या वर्षीच्या १०१० वरून स्वतःची पाठ थोपटायची, हे दोन्ही चूक. उलटंही ध्यानात ठेवा. जिल्ह्याचा २०११ चा बाल लिंग गुणोत्तराचा आकडा ८६३ होता, तो लाखो मुलांवरचा आहे. तिथं योगायोगाची सबब चालत नाही. आणि तो शून्य ते सहा वयोगटाचा आहे, जन्मावेळचा नव्हे. दोन्ही एका आलेखात जोडून "सुधारणा" दाखवलेल्या पीपीटी होतात. तुमची त्यात नको.

पाहणीचं वर्ष आणि आकड्याचं वर्ष

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९-२१ म्हणून ओळखली जाते, पण महाराष्ट्रातलं क्षेत्रकाम कोविड येण्याआधीच, २०१९ मध्ये झालं. तिच्यातली संस्थात्मक प्रसूतीची टक्केवारी पाहणीच्या आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांवरची आहे. ती एचएमआयएसच्या (आरोग्य संस्थांच्या मासिक अहवालांच्या पोर्टलच्या) एका आर्थिक वर्षाशेजारी ठेवून "तफावत" काढू नका. जिल्हा तक्त्यात काही आकडे कंसात असतात, ते २५ ते ४९ नमुन्यांवरचे. २५ पेक्षा कमी असतील तिथं फक्त तारांकन असतं. कंस काढून आकडा पुढच्या अहवालात चिकटवला की तो पक्का वाटायला लागतो. कंसासकट उतरवा.

एचएमआयएस एप्रिल ते मार्च, नागरी नोंदणी जानेवारी ते डिसेंबर. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी वर्षातून एकदा कुणीतरी चुकतंच.

"जूनअखेर" आणि "जूनमध्ये" यांत मात्र रोज चूक होते. तालुक्यांकडून येणारे तक्ते प्रगामी, म्हणजे एप्रिलपासूनची चालू बेरीज असलेले, असतात. एप्रिल, मे, जून तिन्ही तक्त्यांची बेरीज केली तर एप्रिल तीनदा मोजला जातो. पुढच्या महिन्याचा आकडा मागच्यापेक्षा कधीच कमी होत नसेल तर ओळखा.

एक्सेलची खोडी

शिरोळ तालुका आणि पुलाची शिरोली वेगळी, पण रोमन लिपीत टंकलेल्या यादीत एका अक्षराचा फरक असतो. "कोल्हापूर" म्हणजे जिल्हा, शहर की करवीर तालुका, हे प्रत्येक फाइलमध्ये वेगळं असू शकतं. हातकणंगले आणि गडहिंग्लजची स्पेलिंगं मोजायला बसू नका, गावाच्या शासकीय संकेतांकावर जोडणी करा. पंधरापेक्षा जास्त अंकी क्रमांक एक्सेल संख्या समजून उघडतं आणि पुढचे अंक शून्य करतं, म्हणून तो स्तंभ आधी मजकूर स्वरूपात आणा. तारीख ०५-०८ आली तर पाच ऑगस्ट की आठ मे, हे बारापुढच्या दिवसांच्या ओळी बघून ठरवा.

मृत्यूच्या कारणांत "हृदयक्रिया बंद पडल्याने" हे सर्वात मोठं कारण दिसलं तर हृदयरोगाची टिपणी लिहू नका. हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या पहिल्या भागातल्या सर्वात खालच्या ओळीवर मूळ कारण असतं, संकेतांक त्याला लागतो.

आकडा विचित्र दिसला तर

स्वतः बदलू नका. शेजारच्या महिन्याची सरासरी टाकून "दुरुस्त" केलेला आकडा कायमचा हरवतो. फोन करा, पण खुलासा मागायच्या सुरात नको.

"ताई, जूनच्या अहवालात घरची बाळंतपणं सात दिसतायत, वर्षभरात एकही नव्हतं. जरा रजिस्टर बघता का?"

"सात? नाही ओ सर, एकच. धनगरवाड्यावरची. सात पुढे मोठ्या दवाखान्यात संदर्भित केलेल्या आहेत, रकाना चुकलाय वाटतं."

दोन मिनिटांत काम झालं. मग त्या ताईंच्या केंद्राकडूनच दुरुस्ती भरून घ्या आणि कुणी, कधी, कशावरून सांगितलं ते एका ओळीत लिहून ठेवा.

गावनिहाय तक्ते व्हॉट्सॲप गटात टाकताना थांबा. दोन हजार वस्तीच्या गावापुढे क्षयरोग १ असं लिहिलं की नाव लिहायची गरज उरत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा अधिनियमच गोपनीयता बंधनकारक करतो. लहान आकडे तालुक्यात मिसळा. एकूण बेरजेतून वजा करून लपवलेला आकडा निघत नाही ना, तेही तपासा.

पाठवलेला अहवाल चुकीचा निघाला तर त्याच दिवशी सुधारित पाठवा. वर "सुधारित" आणि दिनांक, आत जुना आणि नवा आकडा शेजारी शेजारी, खाली कारणाची एक ओळ. पोर्टलवरून माहिती कुठल्या तारखेला उतरवली तेही लिहा, कारण उशिरा येणाऱ्या नोंदींमुळे तोच महिना पंधरा दिवसांनी वेगळा दिसतो. पुढच्या आढाव्याची तुलना सुधारित आकड्याशी होईल, म्हणून जुनी फाइल वेगळ्या फोल्डरात हलवा. पुसू नका, तपासणीच्या वेळी तीच मागतात.