बिदरी-पैठणी मोबाइलवर शिकवताना या चुका टाळा

एआरसाठी (कॅमेऱ्यातल्या दृश्यावर थ्रीडी मॉडेल दाखवण्यासाठी) पैठणीच्या काठाचाच फोटो मार्कर म्हणून, म्हणजे कॅमेऱ्याने ओळखायचं चित्र म्हणून, छापायचा मोह होतो. काठावर एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे कॅमेऱ्याला जागा नीट ओळखता येत नाही आणि मॉडेल कागदावर घसरत राहतं. ठळक कडांचं, प्रत्येक कोपऱ्यात वेगळं दिसणारं चित्र घ्या. मॅट कागदावर निदान १५ सेंमी रुंद छापा. लॅमिनेशन नको, ट्यूबलाइटची चमक पडली की ओळख तुटते. एआरकोरमध्ये (गूगलच्या एआर प्रणालीत) सुरुवातीला त्या चित्राने कॅमेऱ्याची पाव चौकट तरी व्यापावी लागते. मागच्या बाकावरून ते जमत नाही, म्हणून चार-पाच मुलांमागे एक मार्कर द्या.

सगळ्यात जास्त फसगत बिदरीच्या थ्रीडी मॉडेलमध्ये होते. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूचा काळा पृष्ठभाग आणि त्यात जडवलेली चकचकीत चांदी. फोटोंवरून मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर वेगवेगळ्या फोटोंतले सारखे बिंदू जुळवतं, पण चमक कॅमेऱ्याबरोबर सरकते. मग मॉडेलला भोकं पडतात. फ्लॅश बंद ठेवा, खिडकीवर पांढरं कापड लावा, वस्तू मध्येच हलवू नका. तीन उंचींवरून प्रत्येकी २४ ते ३० फोटो काढा, शेजारच्या दोन फोटोंत ७० टक्के भाग सामाईक हवा. चमक घालवायला पावडर किंवा स्प्रे मारायचा सल्ला मिळेल. जुन्या वस्तूवर तो अजिबात पाळू नका.

फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा. फोटोंवरून केलेल्या मॉडेलला स्वतःचं माप नसतं आणि जीएलबी फाइल (थ्रीडी मॉडेलची फाइल) एकक म्हणून मीटर धरते. २० सेंमीच्या सुरईची उंची तिथे ०.२ हवी. तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या सातवाहनकालीन लहानशा मृण्मूर्ती पडद्यावर माणसाएवढ्या झाल्या, तर मुलं त्यांना देवळातल्या मूर्ती समजतील. बोटांनी मोठं करायची सोय निदान पहिल्यांदा बंदच ठेवा.

पैठणीचा पदर उलटवला आणि गायब झाला? मॉडेलच्या मटेरियलमध्ये ‘डबल-साइडेड’ (दोन्ही बाजूंनी दिसणारं) ही खूण करायची राहिली आहे. ही चूक महागात पडते, कारण हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते आणि मुलांनी नेमकं तेच पाहायला हवं. मागच्या बाजूचाही फोटो लावा.

टेक्श्चर (मॉडेलवर चढवलेला फोटो) २०४८ पिक्सेलपर्यंत आणि फाइल १० एमबीच्या आत ठेवा. वेबवरचं एआर असेल तर पत्ता एचटीटीपीएसच हवा, नाहीतर ब्राउझर कॅमेरा उघडत नाही.