वादग्रस्त वक्त्याची सभा उधळू नये म्हणून

अमेरिकेतल्या विद्यापीठात विद्यार्थी मंडळाचं काम करणाऱ्या मराठी मुलामुलींवर कधीतरी ही वेळ येते: वक्ता ठरतो आणि दुसऱ्याच दिवशी ‘कार्यक्रम रद्द करा’ म्हणून सह्या गोळा होऊ लागतात. सेफ स्पेस (दुखावणाऱ्या बोलण्यापासून दूर राहता येईल अशी जागा) की भाषणस्वातंत्र्य, यावर भांडायला अख्खं वर्ष आहे. सभा पार पडते की नाही, ते मात्र हॉल, माईक आणि दारं ठरवतात.

आधी विद्यापीठ सरकारी की खासगी ते बघा. भाषणस्वातंत्र्याचं रक्षण करणारी अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारी विद्यापीठांनाच बांधते; खासगीत त्यांच्या नियमावलीवर बरंच काही अवलंबून असतं. शिकागो विद्यापीठ खासगी असूनही २०१६ मध्ये त्यांनी नव्या विद्यार्थ्यांना पत्र धाडून ‘बौद्धिक सेफ स्पेस’ला पाठिंबा नसल्याचं कळवलं. सगळीकडे असं नसतं. नियमावली छापून घ्या आणि ‘व्यत्यय’ या शब्दाची व्याख्या शोधा. पुढचं सगळं भांडण त्या एका शब्दावर होतं.

मग पैसे. श्रोते किती भडकतील याचा अंदाज बांधून सरकारी यंत्रणेने शुल्क वाढवू नये, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२च्या फोर्सिथ काउंटी खटल्यात सांगितलं. सरकारी विद्यापीठाने बंदोबस्ताचं जादा बिल लावलं, तर आकारणीचा निकष लेखी मागा.

दीड तासाची सभा असेल तर भाषणाला ४५ मिनिटं आणि प्रश्नांना ४५. पहिले तीन प्रश्न विरोधकांचे, प्रत्येकी एक मिनिट. माईक स्वयंसेवकाने स्वतःच्या हातात धरायचा, विचारणाऱ्याकडे द्यायचा नाही. एकदा हातातून गेला की परत मिळत नाही. मागच्या भिंतीशी फलक धरून उभं राहणं, पाठ फिरवणं, उठून जाणं हे सगळं चालेल. भाषण ऐकूच येऊ नये अशी सलग घोषणाबाजी चालणार नाही. ही समज विद्यापीठाच्या अधिकाऱ्याने द्यावी, आधी ठरवलेल्या शब्दांत, दोनदा. स्वयंसेवकांनी कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते परतीच्या वाटेवर. मार्च २०१७ मध्ये व्हर्माँटमधल्या मिडलबरी कॉलेजात चार्ल्स मरे या वादग्रस्त लेखकाला हॉलमध्ये बोलू दिलं नाही. दुसऱ्या खोलीतून प्रक्षेपण केलं, तर फायर अलार्म वाजवले गेले. धक्काबुक्की झाली ती इमारतीतून बाहेर पडताना, आणि इजा झाली मरेंना प्रश्न विचारायला बसलेल्या प्राध्यापिकेला. म्हणून गाडी मागच्या दाराला अगदी लागून उभी ठेवा, चालक आत बसलेला असू दे, आणि आदल्या दिवशी ती वाट स्वतः चालून बघा. मागचं दार रात्री कुलूपबंद असतं, हे बऱ्याचदा ऐनवेळी कळतं.

सेफ स्पेस हवी असेल तर त्याच संध्याकाळी दुसऱ्या इमारतीत खोली घ्या. घोषणांचा आवाज तिथे पोचता कामा नये. चहा, पाणी आणि एक समुपदेशक, एवढं पुरतं. ती खोली विरोधकांना कोंडायला नाही, हे जाहिरातीतच लिहा. ज्यांना वाद घालायचाय त्यांनी हॉलमध्येच यावं.

एफ-१ व्हिसावर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, असाल तर जाहीर नाव देण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या एका परदेशी विद्यार्थिनीचा व्हिसा रद्द करून तिला ताब्यात घेण्यात आलं. विद्यार्थी वृत्तपत्रातल्या एका लेखावर तिचं नाव होतं.