या चुका टाळा : मॅस्टोडॉन-नॉस्टरवर नेटही जातं आणि खासगीपणही

गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, दारूकामाच्या (आतषबाजीच्या) रात्री होम मैदानावर मोबाइलला रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात आणि नेट जागचं हलत नाही, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. त्या रात्री मी नॉस्टरवर (मॅस्टोडॉनसारखंच, कुणा एका कंपनीच्या मालकीचं नसलेलं सोशल नेटवर्क) एक फोटो टाकायला गेलो. चक्र फिरतच राहिलं. पुन्हा दाबलं. मग आणखी एकदा. फोन तव्यासारखा तापला, तासाभरात बॅटरी 70 वरून 35 वर आली. सात रस्त्याला पोचलो, नेट आलं आणि बघतो तर एकच फोटो तीनदा पोस्ट झालेला. खाली मावसभावाची कॉमेंट : "दादा, दारू वर उडाली का तुम्हाला चढली?"

चूक माझीच होती, आणि एक नव्हे, दोन.

पहिली म्हणजे रिलेंची, म्हणजे पोस्ट साठवून पुढे देणाऱ्या सर्व्हरांची, खोगीरभरती. नॉस्टरला एकच एक मालक-सर्व्हर नसतो. तुमचं ॲप पोस्ट वेगवेगळ्या रिलेंना स्वतः पोचवतं आणि वाचायलाही त्या सगळ्यांकडून मागवतं. कुणी कुठली यादी टाकली की मी त्यातले रिले जोडत गेलो, असे 23 झाले होते. म्हणजे एकच पोस्ट अनेक दारांतून पुन्हा पुन्हा फोनमध्ये येणार, ॲप जादा प्रती फेकून देणार, पण डेटा गेला तो गेलाच. त्यात गर्दीच्या टॉवरवर जोडणी तुटते आणि ॲप प्रत्येक रिलेला नव्याने हाका मारत बसतं. रेंजच्या काड्या फक्त टॉवरचा सिग्नल किती जोरात येतोय एवढंच सांगतात. त्या टॉवरवर आणखी किती जण लटकलेत, ते सांगत नाहीत. नॉस्टरच्या स्वतःच्या नियमावलीतच लिहायचे 2 ते 4 आणि वाचायचे 2 ते 4 रिले पुरेत, असा सल्ला आहे. मी आता तेवढेच ठेवलेत. नॉस्टरसाठी ॲमेथिस्ट ॲप वापरत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन चित्रं फक्त वायफायवर उघडतील असं करा. गर्दीत डेटा वाचवायला एवढा एक बदलही पुष्कळ आहे.

दुसरी चूक म्हणजे बटण पुन्हा पुन्हा दाबणं. दर वेळी दाबलं की नव्या वेळेची नवी पोस्ट तयार होते, तिचा ओळखक्रमांकही वेगळा. म्हणून रिलेंना त्या तीन वेगळ्या पोस्टी वाटतात. अडकली तर ॲप बंद करा, घरी जा, मग बघा. आणि डिलीटवर फार विसंबू नका. नॉस्टरवर डिलीट ही रिलेला केलेली विनंती असते. कुणी ऐकतो, कुणी नाही. मॅस्टोडॉन अनेक स्वतंत्र सर्व्हर एकमेकांना जोडून चालतं; तिथेही तुमचं खातं ज्यावर आहे तो सर्व्हर बाकीच्या सर्व्हरांना 'काढून टाका' असा निरोप धाडतो, पण समोरचा तेव्हा बंद पडलेला असेल किंवा निरोप मानतच नसेल तर प्रत तिथे राहते. माझ्या तीनपैकी एक फोटो अजून कुठेतरी दिसतो.

नॉस्टरच्या किल्लीबद्दल थोडक्यात. 'एनसेक'ने सुरू होणारी ती लांबलचक ओळ म्हणजे तुमचं सगळं खातं. 'पासवर्ड विसरलात?' असं बटण इथे नाही, आणि फुटली तर बदलूनही मिळत नाही. नवीन वेबसाइट दिसली की तिथे ती चिकटवायची, हा प्रकार बंद करा. अँड्रॉइडवर अँबर नावाचं ॲप पोस्टवर किल्लीने सही करण्याचं काम स्वतःकडे ठेवतं, किल्ली बाहेर जात नाही.

आता मॅस्टोडॉनचा किस्सा, जो आठवला की अजून कान गरम होतात. लग्नाच्या आहेरासाठी चादरी आणि टॉवेल घ्यायचे होते. मावसभावाला मी खासगी निरोप लिहिला : अमक्या दुकानात जाऊ नकोस, धुतल्यावर रंग जातो आणि भाव मात्र डबल. कुठलं दुकान ते कळावं म्हणून दुकानाचं हँडल (खात्याचं नाव) ॲटच्या चिन्हासकट टाकलं. झालं. मॅस्टोडॉनवर खासगी निरोप म्हणजे 'ज्यांचा उल्लेख केला त्यांनाच दिसणारी पोस्ट'. दुकानाचा उल्लेख केला, म्हणजे दुकानालाही ती गेली. दहा मिनिटांत उत्तर आलं : "साहेब, सुताचे भाव बघा आणि मग बोला." त्या रस्त्याने जाताना मी अजून गाडी जरा जोरात काढतो.

तेव्हा ज्याच्याबद्दल बोलायचंय त्याचं हँडल खासगी निरोपात कधीही टाकू नका. नाव साधं लिहा. दुसरं असं की हे निरोप एन्ड-टू-एन्ड एनक्रिप्टेड, म्हणजे फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येतील असे कुलूपबंद, नसतात. तुमच्या सर्व्हरचा ॲडमिन (तो चालवणारा) आणि समोरच्याच्या सर्व्हरचा ॲडमिन, दोघंही मनात आणलं तर वाचू शकतात. ब्लूस्काय या दुसऱ्या सोशल नेटवर्कने मे 2024 मध्ये निरोपांची सोय आणली, तीही एन्ड-टू-एन्ड एनक्रिप्टेड नव्हती. वर तिथे तुम्ही कुणाला ब्लॉक केलंय ते उघड असतं, पाहुण्यांपैकी कुणाला ब्लॉक करायचं असेल तर हे ध्यानात असू द्या. बँकेचा खाते क्रमांक, आजारपण, घरातली भांडणं, यांसाठी सिग्नल हे मेसेजिंग ॲप वापरा.

याच माळेतली मॅस्टोडॉनवरची आणखी एक चूक : पोस्ट 'फक्त फॉलोअर्सना' ठेवायची, पण फॉलो करायला परवानगी लागेल अशी सेटिंग मात्र उघडीच. मग ज्याला वाचायचं तो फॉलो दाबतो आणि वाचतो. दाराला कडी आहे, पण लावलेली नाही. प्रोफाइलच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये फॉलोची विनंती आधी तुमच्याकडे येईल असं करा, मगच त्या पोस्टला अर्थ आहे.

पीअरट्यूबवर (यूट्यूबसारखीच, पण स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारी व्हिडिओची सोय) व्हिडिओ बघताना तुमचा फोन तोच व्हिडिओ बघणाऱ्या इतरांनाही तुकडे पुरवत असू शकतो. यात तुमचा डेटा जादा खर्च होऊ शकतो आणि तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) त्या अनोळखी लोकांना कळू शकतो. ही देवघेव सेटिंगमधून बंद होते. मोबाइलवर बघत असाल तर बंदच ठेवा.

शेवटची चूक माझी नाही, पण भोगली आमच्याच माणसाने. जुळे सोलापुरातली एक वहिनी शेंगा चटणी आणि कडक भाकरी ऑनलाइन विकते. साइट अगदी स्वस्तातल्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर. मी मॅस्टोडॉनवर तिची लिंक टाकली, पुण्याच्या एका मोठ्या खात्याने ती बूस्ट केली (आपल्या फॉलोअर्सना पुढे पाठवली) आणि साइट आडवी झाली. वहिनींचा फोन : "भावजी, काय केलंत हो? पान उघडेना." गिऱ्हाइकांची झुंबड उडाली म्हणून मी खूश. पण तसं काही नव्हतं. लिंकखाली जो छोटा फोटो आणि मथळा दिसतो, तो आणायला प्रत्येक मॅस्टोडॉन सर्व्हर स्वतंत्रपणे मूळ साइटवर जातो. पोस्ट शेकडो सर्व्हरांवर पोचली, की थोड्या वेळात शेकडो सर्व्हर तिच्या दारात. माणूस त्यात एकही नसेल तरी चालतं. तिचं पान दर वेळी डेटाबेसमधून नव्याने तयार व्हायचं, तिथेच दम तुटला.

कॅशिंगचं प्लगइन टाकून आम्ही पान तयार स्थितीत साठवलं, म्हणजे येईल त्याला तेच हातात द्यायचं. चार दिवसांनी मी लिंक पुन्हा टाकली, पुन्हा बूस्ट झाली, साइट हलली नाही. संध्याकाळी वहिनींना विचारलं, ऑर्डरी किती आल्या? म्हणाल्या, एक. पाव किलो चटणी, मावसभावाची.