जलरंग शिकायचेत? व्हिडिओ निवडताना चित्र पाहू नका, पाणी पाहा

जलरंग शिकायला कोणता व्हिडिओ पाहू, असं कुणी विचारलं की बहुतेक जण एखाद्या चॅनेलचं नाव सांगून मोकळे होतात. या सल्ल्याचा काही उपयोग नाही. उत्तम चित्रकाराचा व्हिडिओ उत्तम शिकवेलच असं नसतं, आणि एकाच चॅनेलवर एखादा व्हिडिओ अप्रतिम तर पुढचे कितीतरी नुसते बघण्यापुरते असतात. निवडायचा असतो तो व्हिडिओ. ब्रश ओला करण्याआधी पाच मिनिटांत ही निवड करता येते.

आधी तुमचा प्रश्न ठरवा

"नवशिक्यांसाठी जलरंग" असं शोधूच नका. तुमचं मागचं चित्र समोर ठेवा आणि ते कुठे बिघडलं ते एका वाक्यात लिहा. आकाशात डाग पडले. झाडाची सावली मातकट झाली. डोंगराची कड पुसट हवी होती, ती कडक आली. तेच वाक्य शोधा.

अगदी पहिल्यांदाच सुरुवात करत असाल तर तुमचे प्रश्न दोनच: सपाट वॉश आणि उतरता वॉश. वॉश म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा पसरट थर; सपाट वॉश सगळीकडे सारखा, उतरता वॉश गडदाकडून फिका होत जाणारा. निसर्गचित्राचे व्हिडिओ त्यानंतर. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेल्यांना एक सांगायचंय. तेव्हाची सवय बहुतेकदा पोस्टर कलरची असते. तो रंग अपारदर्शक, गडदावर फिका चढतो आणि चुकलेलं झाकता येतं. पारदर्शक जलरंगात कागदाचा पांढरा हाच उजेड असतो आणि फिक्याकडून गडदाकडे जावं लागतं. त्यामुळे जागोजागी पांढरा रंग लावून उजेड दाखवणारे व्हिडिओ सुरुवातीला बाजूला ठेवा. ती पद्धत वाईट नाही, पण उजेडाची जागा राखायला ती शिकवत नाही.

एका मिनिटात बाद करायचे

वेग वाढवलेले सगळे बाद. मिनिटभराचे उभे व्हिडिओ बाद. मीठ भुरभुरणं, ओल्या रंगावर प्लॅस्टिक दाबणं अशा करामती पुढे कधीतरी करा, आत्ता नकोत. सामानाची यादी चालू असेल तर सरळ पुढे सरका.

खरी परीक्षा: पाणी दिसतं का?

मी सर्वांत जास्त झगडले ते इथे. रंग तेच, ब्रश तोच, कागदही जवळपास तसाच, आणि तरी व्हिडिओतलं आकाश मऊ नि माझं चट्ट्यापट्ट्यांचं. पुन्हा पुन्हा पाहूनही कळत नव्हतं, कारण जे कळायला हवं होतं ते पडद्यावर नव्हतंच. कॅमेरा ब्रश कागदाला टेकतो तो क्षण दाखवतो. जलरंगातला निर्णय त्याच्या आधीच झालेला असतो: ब्रशमध्ये पाणी किती, त्यात रंग किती आणि कागद त्या घडीला किती ओला. या तीन गोष्टी दिसत नसतील तर चित्र कितीही देखणं असो, तो व्हिडिओ तुम्हाला शिकवू शकत नाही. इथे मी अजिबात सवलत देत नाही.

म्हणून पहिली तपासणी पॅलेटची. रंग कालवायची ताटली, म्हणजे पॅलेट, कॅमेऱ्याच्या चौकटीत आहे का? कोपऱ्यात का होईना, पण रंग कालवताना दिसतोय का? ऑस्ट्रेलियातले ख्यातनाम जलरंगकार जोसेफ झबुकविच रंगाचा दाटपणा चहा, कॉफी, दूध, साय, लोणी अशा पायऱ्यांनी सांगतात, आणि कागदाची ओलही तशीच पायरीपायरीने. पॅलेट तिरकं केल्यावर रंग सरसर वाहतो की रेंगाळतो, हे पाहिलं की पायरी ओळखता येते. नुसतं "थोडा निळा घ्या, थोडं पाणी घ्या" असं सांगणारा आवाज आणि वरून दिसणारा कागद, एवढ्यावर ते कधीच कळणार नाही.

दुसरी तपासणी फडक्याची. पाण्याच्या भांड्यातून निघालेला ब्रश कागदावर जाण्याआधी कुठे टेकतो ते पाहा. सराईत माणसाच्या दुसऱ्या हातात बहुधा फडकं किंवा टिश्यू असतो. ब्रश भांड्याच्या काठाला निपटला, फडक्याला नुसता टेकवला, की दाबून जवळजवळ कोरडा केला, यावर पुढचं सगळं ठरतं. वॉश अर्धवट वाळलेला असताना त्याहून जास्त पाण्याचा ब्रश टेकला, की ते पाणी आधीच्या रंगाला बाहेर ढकलतं आणि दातेरी कडेचा डाग उमटतो, ज्याला चित्रकार कॉलीफ्लॉवर म्हणतात. "आकाशात डाग पडले" म्हणणाऱ्यांचं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं. त्यावरचा उपाय फडक्यापाशी घडतो, आणि तेच चौकटीबाहेर ठेवलेलं असतं.

तिसरी तपासणी चकाकीची. ओला कागद आधी आरशासारखा चमकतो, मग चमक मंदावते, मग नाहीशी होते, पण कागद हाताला गार लागतो, आणि शेवटी खरा कोरडा होतो. मऊ कडा, अर्धी मऊ कड, कडक कड हे सगळं या टप्प्यांवर अवलंबून असतं. उजेड एका बाजूने येत असेल आणि कॅमेरा थोडा तिरका असेल तरच ही चमक दिसते. दोन्हीकडून प्रखर दिवे लावून अगदी वरून घेतलेल्या सफाईदार व्हिडिओत ती बहुधा दिसत नाही. खिडकीजवळ साध्या मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओत दिसते. छायाचित्रणाच्या झगमगाटावर जाऊ नका असं मी म्हणते ते यासाठी.

इथेच एक कळकळीचा इशारा. "आता दोन मिनिटं थांबा" असं कोणी सांगितलं तर ती दोन मिनिटं विसरून जा. ती त्यांच्या खोलीतली आहेत. मे महिन्यात नागपूरला किंवा परभणीला पंख्याखाली बसलात तर वॉश बघता बघता वाळतो. जुलैत रत्नागिरीला तोच वॉश चहा होईपर्यंत ओला राहतो. इंग्लंडमधल्या थंड दमट हवेत केलेलं प्रात्यक्षिक विदर्भाच्या उन्हाळ्यात घड्याळ लावून करू गेलात तर कडा कडकच येणार, आणि दोष मात्र तुम्ही स्वतःच्या हाताला द्याल. "चमक गेली की सुरू करा" असं सांगणारा शिक्षक निवडा. हे वाक्य रत्नागिरीतही खरं असतं आणि नागपुरातही.

चौथी तपासणी कात्रीची. व्हिडिओच्या पट्टीवर बोट सरकवत पुढे जा आणि पहिला वॉश संपतो ती जागा शोधा. कागद आत्ता चमकत होता आणि पुढच्या क्षणी कोरडा, मध्ये एक शब्दही नाही? पाण्याचं भांडं एकदम गढूळ झालेलं, टिश्यू वेगळ्या जागी, खिडकीतला उजेड बदललेला? म्हणजे मधला भाग कापलाय. कापायला माझी हरकत नाही, कोरडं होताना कोण बघत बसणार! पण हेअर ड्रायर लावला की आपोआप वाळू दिलं, पुरतं वाळलं की अर्धवट, हे सांगायला हवं. सांगितलं नसेल तर सोडा. कॉम्प्युटरवर पाहत असाल तर युट्यूब थांबवून पूर्णविरामाची कळ दाबा, चित्र एकेक चौकट पुढे सरकतं. अशा जागा लगेच सापडतात.

पाचवी, कागद ज्यावर लावतात त्या बोर्डाच्या उताराची. कॅमेरा वर टांगलेला असला की बोर्ड सपाट आहे की उतरता, हे काहीच कळत नाही. बोर्डाखाली नुसती एक जाड वही सरकवली तरी वॉश खाली ओघळत एकसारखा बसतो. सपाट टेबलावर तोच रंग मध्येच साचतो. सुरुवातीला एकदा तरी बाजूने बोर्ड दाखवला असेल तर त्या शिक्षकाला मी जास्त गुण देते.

पाचही तपासण्यांत उत्तीर्ण होणारे व्हिडिओ थोडेच सापडतील. पॅलेट आणि फडकं या दोन मात्र सोडायच्या नाहीत.

निर्णय दिसतात का?

अमेरिकन चित्रकार बॉब रॉस यांचे टीव्हीवरचे कार्यक्रम पाहून अनेकांना चित्र काढावंसं वाटलं, ही मोठीच गोष्ट आहे. १९८३ ते १९९४ या काळात त्यांचे ४०३ भाग अमेरिकेतल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर झाले. पण कॅमेऱ्यासमोर अर्ध्या तासाच्या आत उभं राहणारं ते चित्र त्यांनी आधी एकदा रंगवून समोर ठेवलेलं असे, आणि पुस्तकासाठी पुन्हा एकदा वेगळं रंगवलं जाई. म्हणजे कुठे काय येणार हे आधीच ठरलेलं. शिवाय ते तैलरंग होते, ओल्या पांढऱ्या थरावर लावलेले. त्यातली एकही सवय जलरंगात जशीच्या तशी चालत नाही.

आजच्या बहुतेक व्हिडिओंतही चित्र असंच आधी बसवलेलं असतं. म्हणून प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रात्यक्षिकांच्या ध्वनिचित्रफिती मला सर्वांत मोलाच्या वाटतात. आपल्याकडे, पुण्या-मुंबईपासून कोल्हापूर-नाशिकपर्यंत, चित्रकाराने लोकांसमोर बसून चित्र पूर्ण करण्याची चांगली परंपरा आहे. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर किंवा नाशिकला गोदाकाठी जागेवर बसून केलेलं चित्रण मिळालं तर जरूर पाहा. आवाज खराब असेल, मध्ये कुणी चहा विचारेल, वाऱ्याने कागद हलेल. पण ऊन सरकल्यावर त्यांनी सावली कशी बदलली, नको तिथे रंग ओघळला तेव्हा टिपला की राहू दिला, हे सगळं दिसेल. दीड तासाचं असं एक चित्रण पंधरा मिनिटांच्या दहा गुळगुळीत व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवतं.

गडदपणा आणि पडदा

जलरंग वाळल्यावर फिका होतो. म्हणजे ओला असताना तो हवा त्याहून गडद दिसायला हवा, आणि नवा माणूस नेमका तिथेच घाबरून पाणी वाढवतो. ओला असताना आणि वाळल्यावर तीच जागा दाखवणारा व्हिडिओ मिळाला तर जपून ठेवा. जलरंग म्हणजे फिकट असं मनात पक्कं बसलं असेल तर सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आठवा. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं १९४५-४६चं ते चित्र जलरंगातलं आहे. एवढा अंधार या माध्यमात मावतो.

मोबाइलचा रात्रीचा पिवळा प्रकाश बंद करून मगच रंग जोखा.

रंगांची नावं नकोत, क्रमांक हवेत

"सॅप ग्रीन घ्या" एवढं पुरेसं नाही. सॅप ग्रीन सहसा मिश्रण असतं आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो: अल्ट्रामरीन निळा म्हणजे पीबी २९, थॅलो निळा म्हणजे पीबी १५. पहिला कागदावर दाणेदार बसतो, दुसरा सपाट पसरतो आणि पटकन सगळ्यांवर मात करतो. क्रमांक सांगणारा शिक्षक तुमच्या जवळच्या ट्यूबमधून पर्याय शोधायला मदत करतो. कागदाचंही तेच. व्हिडिओत ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, शंभर टक्के कॉटन कागद असेल आणि तुमच्याकडे साधा ड्रॉइंग पेपर, तर तुमचा कागद फुगणार, लवकर वाळणार, मऊ कडा हुकणार. आपल्या कागदावर काम करणारा व्हिडिओ शोधा, नाहीतर त्या एका धड्यापुरता चांगला कागद चौथाई कापून वापरा.

पैसे भरण्याआधी

एखाद्या शिक्षकाच्या ऑनलाइन वर्गाला पैसे भरायचे असतील तर आधी त्याचा एक लांब मोफत व्हिडिओ वरच्या पाच तपासण्यांतून काढा. मग एवढंच विचारा की तुमचं चित्र पाहून कुणी काही सांगणार आहे का. नसेल तर मी पैसे भरत नाही.

निवडल्यावर

एकदा ब्रश न घेता पूर्ण पाहा आणि फक्त पाण्याच्या नोंदी लिहा: ब्रश कधी निपटला, कधी थांबले, कागद कधी पुन्हा ओला केला. मग व्हिडिओ बंद. चालू ठेवून रंगवलंत तर तुम्ही पडद्याकडे बघत असताना तुमचा कागद वाळतो. पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यांवर फक्त ती एक जागा, आकाश तर आकाश, नोंदी पाहत करा. त्यानंतर तोच धडा तुमच्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्यावर लावा. डाग पुन्हा पडलेच तर व्हिडिओत फक्त तेवढीच दोन मिनिटं, अर्ध्या वेगाने आणि आवाज बंद करून, फडक्याकडे लक्ष ठेवून पाहा.

आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे लिहून ठेवा: चमक जायला किती वेळ लागला, पंखा होता का, महिना कोणता. उन्हाळा सरून पाऊस लागला की हे आकडे बदलतात, तेव्हा नव्या तुकड्यांच्या मागे पुन्हा लिहा.