चांदीवरचे शिक्के वाचताना या चुका टाळा

चांदीची म्हणून एखादी वस्तू हातात आली की नवखा माणूस ती उलटी करतो, आकडा दिसला की मोबाइलवर फोटो काढतो आणि विचारतो, "खरी आहे ना?" शिक्का अर्धवट वाचून पैसे घालवलेली माणसं सतत भेटतात, आणि चुका दर वेळी त्याच असतात.

सगळ्यात जास्त फसवतो तो ९० हा आकडा. काट्याचमच्यांच्या दांडीवर ९० किंवा १०० दिसलं की लोक ती टक्केवारी समजतात. चांदीचा कस हजारात लिहितात: ९२५, ९००, ८३५, ८००. ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. चमच्यावरचा ९० मात्र मुलाम्याचा हिशेब असतो. साधारण डझनभर मोठे चमचे आणि डझनभर काटे यांवर मिळून ९० ग्रॅम चांदी चढवली, एवढंच तो सांगतो. आतला धातू वेगळाच. पण 'दोन आकडी म्हणजे मुलामा' असा सोपा नियमही करू नका. जुन्या रशियन वस्तूंवरचा ८४ हा खऱ्या चांदीचा शिक्का आहे. तिथे कस ९६ भागांत मोजत, त्यामुळे ८४ म्हणजे आपले ८७५.

दुसरी चूक चौकटीतल्या अक्षरांची. ओळखीच्या एक बाई चहाची किटली घेऊन आल्या होत्या. बुडाला छोट्या ढालींमध्ये वळणदार चार अक्षरं आणि शेजारी मुकुट. त्यांनी इंग्लंडच्या शिक्क्यांचा तक्ता शोधून एकेका अक्षरावरून साल काढायला सुरुवात केली होती, आणि किटली चांदीच्या वजनाने घेऊनही झाली होती. भिंगाखाली धरली तर अक्षरं स्पष्ट वाचता आली: ई, पी, एन, एस. म्हणजे निकेल सिल्व्हर या चांदी नसलेल्या मिश्रधातूवर विजेने चढवलेली चांदी. मुठीच्या सांध्याशी आणि तोटीच्या कडेला घासून घासून पिवळसर करडा धातू वर आला होता. तो शिक्क्याआधीच बघायला हवा होता. "पण मुकुट आहे ना!" असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मुकुट हा एके काळी शेफील्ड शहराचा शिक्का होता, आणि मुलामा देणारेही तो मारत. इंग्लंडच्या बहुतेक जुन्या चांदीवर सालाचं अक्षर एकच असतं, आणि त्याच्यासोबत पंजा उचलून चालणारा सिंह, शहराचा शिक्का आणि कारागिराची आद्याक्षरं असतात. सिंह नसेल तर साल शोधत बसूच नका.

माझी सवय अशी: आधी कडा, सांधे, बूड, जिथे हात लागून झीज होते त्या जागा बघायच्या. शिक्का त्यानंतर. मग शिक्के एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं. ८०० च्या शेजारी चंद्रकोर आणि मुकुट हा जर्मनीचा १८८८ पासूनचा शिक्का. ती वस्तू कुणी त्याच्याआधीची म्हणून विकत असेल, तर तिथेच थांबा.

जर्मन सिल्व्हर हे निकेल सिल्व्हरचंच दुसरं नाव, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. त्यात चांदी नसते.

लोहचुंबकावर विसंबणं हा उतावळ्या माणसाचा आवडता उपाय. चांदी चिकटत नाही, पण पितळ आणि तांबंही चिकटत नाही. उलट चांदीच्या साखळीच्या अडकवायच्या कडीत पोलादी स्प्रिंग असते, ती ओढली जाते आणि चांगली साखळी लोक खोटी ठरवतात. कडीवरचा ९२५ कडीपुरता धरा, कारण कडी बदललेली असू शकते. उभ्या मेणबत्तीदानांच्या पोटात अनेकदा भर घातलेली असते, तिचं सगळं वजन चांदीचं समजू नका. आणि शिक्का नाही म्हणून वस्तू खोटी, असंही नाही. कित्येक जुन्या वस्तूंवर तो मारलेलाच नसतो.

खडे नसलेली, भरीव वस्तू असेल तर मी घनता काढतो. वस्तू कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू न देता. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिलिलिटर तिचं आकारमान. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. ९२५ ची घनता १०.३ च्या आसपास येते. पितळ आणि निकेल सिल्व्हर नऊच्या खालीच राहतात. वस्तूला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकले नाहीत तर आकडा चुकतो, आणि घाई करणारे नेमकं हेच विसरतात.

आम्लाचा थेंब टाकून चांदी तपासायचीच तर आधी न दिसणाऱ्या जागी कानशीने खोल घासावं लागतं, नाहीतर तुम्ही मुलामाच तपासता. यंत्रावर क्ष-किरणांनी तपासून घेतानाही तेच. ते वरचा पातळ थर वाचतं, म्हणून झिजलेली जागा बोटाने दाखवून तिथेच तपासायला सांगा.