पोटभर जेवून वजन कमी करायचं, तर आधी तेल मोजा

वजन वाढलं की गावात दोनच सल्ले मिळतात: रात्रीचं जेवण सोडा, नाहीतर सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घ्या. दोन्ही सोडून द्या. रात्री उपाशी झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी चहासोबत चिवड्याचा डबा रिकामा करतो. मधाने चरबी वितळत नाही, उलट एका मोठ्या चमच्यात साठेक कॅलरी पोटात जातात. भूक मारून आठ दिवस निघतील, वर्ष निघत नाही. पोट भरलंच पाहिजे, फक्त ते पाणी आणि चोथा भरपूर असलेल्या अन्नाने भरायचं.

असं अन्न आठवडी बाजारात ढिगाने असतं. लवकी (दुधी), दोडकी, कोहळं, पालक, मेथी, अंबाडी, पत्ताकोबी, वांगी, भेदरं (टमाटे), काकडी, मुळा, यातलं काहीही चालेल. पाव किलो लवकीत जेमतेम 40 कॅलरी असतात. माणशी रोज अर्धा किलो कच्ची भाजी धरा. बाजार उठायच्या वेळी भाव पडतात, तेव्हाच पिशवी भरा.

ताटात आधी काकडी-मुळा, मग भाजी, वाटीभर घट्ट वरण किंवा मुगाची उसळ, आणि त्यानंतर भाकर. वरण पातळ करून वाटी भरली तर डाळ पोटात जात नाही आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते; माणशी निदान 30 ग्रॅम कच्ची डाळ पडू द्या. सोबत लोणी काढलेलं ताक.

भाकरीचं पीठ एकदा तरी तोला. आपल्याकडच्या मोठ्या भाकरीला 100 ग्रॅम पीठ सहज लागतं, म्हणजे साधारण 350 कॅलरी. ज्वारी आहे म्हणून चार खाल्ल्या तरी चालतात, हा गैरसमज फार पसरला आहे.

आता तेल. सगळा खेळ इथेच बिघडतो, कारण लवकीच्या 40 कॅलरी फोडणी पडेपर्यंतच 40 असतात. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात (15 मिली) सुमारे 120 कॅलरी, आणि तर्रीच्या भाजीत असे तीन-चार चमचे एका माणसाच्या वाट्याला सहज येतात. घरातला हिशेब लावा. चार माणसांना महिन्याला 5 लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज 38 ग्रॅम, म्हणजे जवळपास 345 कॅलरी: एक आख्खी मोठी भाकर, जी ताटात कुणालाच दिसत नाही. हेच तेल 2 लिटरवर आणायचं आहे. एकदम आणू नका, घरचे ताट सारतील. दर महिन्याला एक लिटर कमी करा. महिन्याचं तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवा आणि फोडणीला चमच्यानेच घ्या. पिशवीतून थेट कढईत ओतलेलं तेल कधीच अंदाजाएवढं नसतं.

चव का जाते, तेही समजून घ्या. मसाला तेल सुटेपर्यंत परता, असं सगळेच सांगतात. तेल कमी असलं की ते सुटतच नाही. मग मसाला बुडाला लागतो, बाई घाबरून आणखी एक पळी ओतते आणि सगळं मुसळ केरात. तेलाची वाट पाहू नका. कांदा आधी कोरड्या तव्यावर किंवा निखाऱ्यावर काळपट होईस्तोवर भाजा, लसूण-आल्यासोबत वाटा, खोबरं बोटभर तुकड्यापुरतंच. किलोभर भाजीला 2 मोठे चमचे तेल. त्यात जिरं-मोहरी तडतडली की वाटण टाका, आच मंद करा आणि चिकटायला लागलं की गरम पाण्याचा हबका मारा. असे तीन-चार हबके, सात-आठ मिनिटं. कच्चा वास गेला आणि मसाला गोळा होऊन कडा सोडू लागला की झालं. पातळ जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) गंजात, म्हणजे पातेल्यात, हे जमत नाही, मसाला करपतो. लोखंडी कढई घ्या.

तर्रीचा रंग हवाच असेल, तर त्या 2 चमच्यांतला अर्धा चमचा मागे ठेवा. शेवटी तो गरम करून आच बंद करा, त्यात तिखट टाका आणि लगेच भाजीवर सोडा. रंग तेलात उतरतो आणि वरच तरंगतो, म्हणून थोडं तेलही पुरतं.

वांग्याची गोष्ट वेगळी. त्याचा गर हवेने भरलेला असतो, कच्चं टाकलं की आहे तेवढं तेल पितं. आधी फोडींना मीठ लावून, झाकणावर पाणी ठेवून वाफवा. गर बसला की मगच फोडणीत टाका. भरीत सगळ्यात उत्तम, पण त्यावर वरून फोडणी ओतायची नाही. कांद्याची पात, सांबार (कोथिंबीर), हिरवी मिरची पुरे.

उरलेल्या चोरवाटा तीन. फल्लीदाणे (शेंगदाणे): 30 ग्रॅमच्या मुठीत 170 कॅलरी. चहा: दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे 160. आणि बाजारच्या दिवशीचे आलूबोंडे, जे तळणात किती तेल पितात ते कुणीच मोजत नाही.

उसळी एकदम वाढवल्या तर पोट फुगतं, आठवडाभरात हळूहळू वाढवा. कापूस वेचणीच्या किंवा निंदणाच्या दिवसांत भाकर कमी करू नका, उन्हात चक्कर येईल. तेल तेवढं मोजत राहा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर भाकर-भात कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी यात पडूच नये.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर करा. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर उत्तम चाललं आहे. तीन आठवडे काटा हलला नाही, तर आधी तेलाची बरणी बघा, मग पीठ तोला, मग साखर.