मागच्या टायरची आतली कड झिजत होती: माझा अनुभव

मागचा डावा टायर फक्त आतल्या कडेला झिजत होता. हात एका दिशेने फिरवला की गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीसारखा खरखरीत. हवा, बॅलन्सिंग, टायरची अदलाबदल, पुढच्या चाकांचं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), सगळं करून वैतागलो.

अशी करवती झीज बहुधा टो (वरून पाहता चाक किती आत किंवा बाहेर वळलेलं आहे तो कोन) बिघडल्याची खूण. नुसत्या कॅम्बरने (समोरून पाहता चाकाचा आत किंवा बाहेर असलेला कल) कड गुळगुळीत झिजते. गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या कंट्रोल आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचा) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातला रबरी तुकडा, पहारीने रेटून पाहिला, तर रबर चिरलेलं. आधी बुश बदलला. बोल्ट सैल ठेवून गाडी उतरवली आणि चाकांवर वजन आल्यावरच ते आवळले (हवेत आवळले तर नवं रबर पिळलेलंच राहतं). मग चारही चाकांचं अलाइनमेंट: आधी मागचा टो, नंतर स्टिअरिंग सरळ धरून पुढचा. झिजलेल्या टायरचा आवाज मात्र अलाइनमेंटने जात नाही. टायर बदलावाच लागला.